गोराईची कायमची जत्रा

मुंबईच्या पोरांना पाळण्यात बसायला पूर्वी कुठे लांब जावे लागत नसे. पाळणाच त्यांच्याकडे येई. सप्टेंबरात वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा, नवरात्रात महालक्ष्मीची आणि डिसेंबरात माहीमला मखदूम बाबांचा उरूस. माहीमच्या उरुसाला आम्ही हिंदू घरांतले लोकही ‘माहीमची जत्रा’च म्हणायचो आणि हक्काने जायचो. पाळणा उभा करायला माणसे एक दिवस घेत, मोडायला त्याहून कमी. चक्री, मौत का कुआँ, बंदुकीने फुगे फोडायचा ठेला, सगळे दर खेळामागे पैसे घेणारे. त्यामुळे जत्रेत बापाच्या खिशाची परीक्षा पुन्हा पुन्हा होई. पण खिसा रिकामा असला तरी जत्रेत जायला आडकाठी नव्हती. नुसते हिंडायचे, दुसऱ्यांच्या किंकाळ्या ऐकायच्या, बत्तासे खाऊन घरी यायचे.

जागच्या जागी असणारी करमणूक होती ती सरकारी नाहीतर महापालिकेची. १८६२ साली उघडलेली राणीची बाग, १९५१ चे तारापोरवाला मत्स्यालय, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट. तिथे बघायचे, फार तर बुटाच्या खिडकीतून डोकावायचे. तिकीट असलेच तर नाममात्र.

१९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड हे करमणुकीचे उद्यान सुरू झाले, तेव्हा मी लालबागच्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवत होते. दिल्लीत पाच वर्षांपूर्वी अप्पूघर झाले होते, पण ते आमच्या मुलांनी फक्त टीव्हीवर पाहिलेले. आता तसेच काहीतरी बोरिवलीपलीकडे झाले होते आणि दूरदर्शनवर त्याची जाहिरात लागे. तिची हिंदी चाल मुलांना राष्ट्रगीतानंतर लगेच पाठ झाली. मधल्या सुट्टीत जिन्यावरून उतरताना सगळा वर्ग ती एका सुरात म्हणे. कविता पाठ करायला सांगितली की मात्र याच पोरांचे घसे बसत.

उद्यानाचे मालक सुभाष चंद्रा. मूळ हरियाणातल्या हिसारचे, धान्याच्या व्यापारातले घराणे, मग टूथपेस्टच्या नळ्या बनवण्याचा कारखाना आणि मग हे. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, त्यांनी झी टीव्ही काढला. लोकांना घराबाहेर काढणारे उद्यान आणि लोकांना घरात बसवणारी वाहिनी, दोन्ही एकाच माणसाने दिली. पुढे कोणती जिंकली हे सांगायला नको.

गोराई म्हणजे धारावी बेटावरचे गाव. हे बेट उत्तनपासून मनोरीपर्यंत पसरलेले, एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. कोळी आणि ईस्ट इंडियन वस्ती, चर्च, सुकत घातलेले बोंबील, मिठागरे, भाजीचे मळे. वसईच्या मोहिमेत याच बेटासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले. मी वर्गात ते दरवर्षी शिकवायचे आणि कोणाला काही वाटायचे नाही. एस्सेलवर्ल्ड झाल्यावर पहिल्यांदा एका मुलाने नकाशावर धारावी बेट कुठे आहे ते विचारले.

रस्त्याने जायचे तर भाईंदरवरून वळसा घालावा लागे. म्हणून बहुतेक लोक बोटीने जात, बोरिवलीच्या गोराई जेट्टीवरून नाहीतर मालाडच्या मार्व्याहून. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. पण लालबाग-परळच्या ज्या मुलांनी समुद्र नुसता चौपाटीवरून पाहिला होता, त्यांना बोटीत बसणे हाच पहिला पाळणा वाटे. तिवरांच्या बाजूने लाँच निघाली की वर्गातला दांडगट मुलगासुद्धा कठडा घट्ट धरून बसे. शहर पाठीमागे सोडून पाण्यावरून दुसऱ्या गावी गेल्याचा भास त्या दहा मिनिटांत होई. फाटक गाठायच्या आधीच अर्धा दिवस सार्थकी लागलेला असे. उद्यानाच्या मालकांनी कितीही यंत्रे आणली असती, तरी ही खाडी त्यांना आणता आली नसती. ती त्यांना फुकट मिळाली होती.

शाळेची सहल मात्र ‘शैक्षणिक’ असावी लागे. अर्जात ‘सहलीचा अभ्यासक्रमाशी संबंध’ असा रकाना होता. मी आपली शिवनेरी आणि कान्हेरी सुचवून पाही. मुले कान्हेरीला नाही म्हणत नसत, पण सकाळी लेणी आणि दुपारी एस्सेलवर्ल्ड असे म्हटले की त्यांचा हिशेब तयार असे: बाई, अर्धा दिवस गेला तर पैसे कसे वसूल होणार? शेवटी आमच्या विज्ञानाच्या सरांनी रकान्यात ‘केंद्राकर्षी बल व गुरुत्वाकर्षण यांची प्रत्यक्ष अनुभूती’ असे लिहिले आणि मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून सही केली. हूला लूपमध्ये उलटे लटकताना कोणाला कोणते बल आठवले असेल ते देव जाणे. शॉट-अँड-ड्रॉपवरून खाली आल्यावर सरांना स्वतःलाच बराच वेळ काही आठवत नव्हते.

मुलांच्या त्या ‘वसूल’ या हिशेबात मला सगळ्या बदलाचे मूळ दिसते. आम्ही जाऊ लागलो तेव्हा एका तिकिटात सगळे पाळणे होते. एकदा आत गेलात की टॉप स्पिनमध्ये चारदा बसा, झिपर डिपरमध्ये सहादा बसा, मॉन्स्टर इन द मिस्टच्या अंधारात पुन्हा पुन्हा ओरडून या. जत्रेत आम्ही ‘एकदाच बस’ म्हणायला शिकलो होतो. इथे ‘अजून एकदा बस, पैसे भरलेत’ म्हणू लागलो. माझ्याबरोबरच्या एक बाई चक्कर येत असूनही रांगेत उभ्या राहत, कारण तिकीट वाया जाता कामा नये. मजा हे कर्तव्य झालेले मी पहिल्यांदा तिथे पाहिले. जेवणाला वेळ जाऊ नये म्हणून पोळी-भाजीचे डबे आम्ही जेट्टीवरच उघडत असू.

याच तिकिटाची दुसरी बाजू माझ्या वहीत होती. माझ्या वर्गातली बहुतेक मुले गिरणीकामगारांची. १९८२ चा संप फसला, अनेक बाप गिरणीबाहेर पडले ते परत गेलेच नाहीत. कोणी हातगाडी लावली, कोणी वॉचमन झाला. सहलीची वर्गणी मी हप्त्याने घेई आणि वहीत खुणा करी. काही नावांपुढे पहिला हप्ता येई आणि पुढचे रकाने कोरेच राहत. काही मुले नावच देत नसत, ‘मला उलटी होते बाई’ म्हणत. माहीमच्या जत्रेत याच मुलांना मी हिंडताना पाहिले होते. तिथे फाटक नव्हते, त्यामुळे कोण पाळण्यात बसला आणि कोण नाही हे कोणी लिहून ठेवत नसे.

नव्वदच्या दशकात उद्यान भरभराटले. १९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंगडम उघडले आणि उन्हाळ्याची गर्दी पाण्यात उतरली. साडी नेसलेल्या आया लाटांच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून हसताहेत, हे दृश्य तोवर मुंबईत कुठे दिसत नव्हते. चौपाटीवर त्या घोट्यापर्यंतच जात. दोन्ही उद्याने मिळून ६४ एकर, असे तेव्हा सांगत. तिवरांवरून तक्रारी आणि कोर्टकज्जेही झाले. शेजारच्याच जागेवर, उद्यानाच्या मालकांनी दान दिलेल्या जमिनीवर, सत्यनारायण गोएंका गुरुजींचा विपश्यना पगोडा उभा राहिला. ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचे उद्घाटन केले. घुमट खांबाशिवाय उभा, खाली आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतील एवढी जागा. एका बोटीतून उतरलेले लोक डावे-उजवे होऊन काही किंचाळायला जात, काही मौन पाळायला.

याच काळात बेटावर पर्यटन आणि करमणुकीसाठी विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा प्रस्ताव आला. गोराई, मनोरी, उत्तनच्या लोकांनी तो हाणून पाडला. शेती, मासेमारी आणि घरे जातील ही भीती होती. बाहेरच्यांना हे बेट सुट्टीचे ठिकाण वाटत होते, तिथल्यांना ते राहते घर होते.

उतरण एका दिवसात लागली नाही. मॉल आले आणि प्रत्येक मॉलच्या वरच्या मजल्यावर खेळांची यंत्रे आली. पावसात भिजायला नको, बोटीची वाट पाहायला नको. एक्स्प्रेस-वे झाल्यावर शनिवारी लोणावळा जवळ आले आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडले, नवी कोरी यंत्रे घेऊन. पाळण्यांच्या धंद्यात जुने होणे परवडत नाही. मूल एका पाळण्याला दोनदा भिते, तिसऱ्यांदा त्याला नवी भीती लागते आणि नवी भीती कोट्यवधींना मिळते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तो अशा उद्यानांवर २८ टक्के. तो १८ वर आणायला पुढचे वर्ष उजाडले. त्या २०१८ मध्येच एस्सेलवर्ल्डने पक्ष्यांचे उद्यान सुरू केले. जानेवारी २०१९ मध्ये सुभाष चंद्रांच्या उद्योगसमूहाचे कर्ज चव्हाट्यावर आले आणि त्यांनी कर्जदात्यांची जाहीर माफी मागितली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. आणि २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झाल्याची बातमी आली. वॉटर किंगडम तेवढे चालू राहिले.

माझे जुने विद्यार्थी आता चाळिशीत आहेत. बातमी आली तेव्हा त्यांच्या ग्रुपवर हळहळ सुरू झाली. मी कोणाकोणाला विचारले, शेवटचा कधी गेला होतास? बहुतेकांचे उत्तर शाळेबरोबर असेच होते. आपल्या मुलांना त्यांनी इमॅजिकाला नेले होते किंवा मॉलमध्ये. आठवणीत रमणारे लोक तिकीट काढत नाहीत आणि उद्यान तिकिटावर चालते. म्हणून ही हळहळ खरी असली तरी तिने काही वाचले नसते.

दिल्लीचे अप्पूघर २००८ मध्ये बंद झाले, कारण ती जागा सर्वोच्च न्यायालयाला आणि मेट्रोला हवी होती. मुंबईतली जोगेश्वरीची फॅन्टसी लँडही गेली. मोठ्या शहरात पाळण्याखालची जमीन पाळण्यापेक्षा भराभर वर चढते. मग दर सकाळी त्या जमिनीला विचारावे लागते की आज पाळण्याचे भाडे परवडते का. एस्सेलवर्ल्डने जत्रा कायमची करून दाखवली, तेहतीसएक वर्षे. एका पिढीला पाण्यावरून नेऊन उलटे लटकवले, हे काम लहान नाही. पण जत्रा कायमची केली की तिला सातबारा लागतो, कर लागतो, कर्ज लागते, आणि या तिन्हींपैकी कोणीही तिला बंद करू शकते. मखदूम बाबांच्या उरुसातल्या पाळणेवाल्याकडे यातले काहीच नाही. तो दहा दिवस धंदा करतो, लोखंड ट्रकवर चढवतो आणि पुढच्या गावाला निघतो. इतिहासात साम्राज्ये पडल्याच्या सनावळ्या मी आयुष्यभर पाठ करून घेतल्या. जत्रा बंद पडल्याची सनावळी मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही.