मैदानाचे मोल आणि कारभाऱ्याचा हिशेब

धन्याने आपल्या कारभाऱ्याकडे हिशेब मागितल्याचा दृष्टान्त लूकच्या शुभवर्तमानात आहे. कारभारी हा मालक नव्हे, हे त्यातील मर्म. सार्वजनिक जमीन विकणाऱ्या शासनालाही ते लागू पडते. या दृष्टीने लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कचा इतिहास बोधप्रद आहे.

एकोणिसाव्या शतकात पूर्व लंडनमध्ये श्रमिकांची दाट वस्ती होती. तेथे उद्यान झाल्यास दरवर्षी हजारो मृत्यू टळतील, असे मत विल्यम फार यांनी १८३९ साली जन्ममृत्यूच्या नोंदींच्या पहिल्या वार्षिक अहवालात मांडले. पुढच्याच वर्षी ३०,००० सह्यांचा अर्ज राणी व्हिक्टोरियाकडे गेला.

प्रश्न पैशाचा होता. शहराच्या श्रीमंत पश्चिम भागात राजसत्तेच्या मालकीचे यॉर्क हाउस होते. ते ७२,००० पौंडांना सदरलंडच्या ड्यूकला देण्याचे ठरले. १८४१ साली पार्लमेंटने एकाच कायद्यात दोन गोष्टी बांधून टाकल्या : या वास्तूची विक्री आणि तिच्या पैशातून पूर्वेकडील उद्यानासाठी जमिनीची खरेदी. रक्कम सरकारी तिजोरीत निनावी होऊन जिरण्यास वाव राहिला नाही. १८४५ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले.

परंतु उद्यानाच्या कडेची काही जमीन घरे बांधण्यासाठी राखून ठेवण्यात आली होती. तिच्या उत्पन्नातून खर्च भरून काढावा, हा हेतू होता. पुढे तेथे बांधकाम होणार असे दिसताच नागरिकांनी विरोध केला. अखेर १८७२ साली महानगर बांधकाम मंडळाने उरलेली जमीन विकत घेऊन उद्यानाला जोडली. जी जमीन लोकांसाठीच घेतली होती, तिच्यासाठी लोकांच्या पैशातून पुन्हा मोल मोजावे लागले!

हा धडा इंग्लंडला विसाव्या शतकातही गिरवावा लागला. शाळांची क्रीडांगणे मोठ्या संख्येने विकली गेल्यावर १९९८ च्या कायद्याने अशा विक्रीला मंत्र्यांची संमती आवश्यक केली आणि मिळालेली रक्कम क्रीडा वा शिक्षणाच्या सोयींवर खर्च व्हावी, असा दंडक घातला गेला.

विक्रीनंतर मागितलेला हिशेब बहुधा उशिराचा असतो. पैसा कशासाठी, हे विक्रीपूर्वीच कायद्यात लिहिले गेले, तर हिशेब विचारण्यास काही आधार राहतो. आणि तो विचारणारे लोक जागे नसतील, तर १८४१ च्या कायद्यासारखा चांगला कायदाही कडेकडेने कुरतडला जातो. आपल्या गावातील मैदानाचा विषय निघेल तेव्हा हे स्मरणात असावे.