वाहतूक-प्रतिमाने, नागरी

शहरातील एखाद्या रस्त्यावरून ठराविक वेळात किती वाहने जातील, याचा अंदाज लोकवस्ती, जमिनीचा वापर व रस्त्यांचे जाळे यांवरून गणिताने बांधण्याची पद्धती. रस्त्याची रुंदी, पूल, उड्डाणपूल यांविषयीचे निर्णय वीस-पंचवीस वर्षे पुढे पाहून घ्यावे लागत असल्याने या अंदाजाला नगररचनेत निर्णायक महत्त्व आले. अंदाज चुकल्यास पैसा वाया जातोच. पण रस्त्यासाठी उठविलेली वस्तीही पुन्हा पूर्वीसारखी वसत नाही.

रहदारीच्या शास्त्रीय मोजणीचा पाया अमेरिकन अभियंते ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी १९३३–३५ या काळात घातला. ओहायओ राज्यातील रस्त्यांवर चलत्‌चित्र कॅमेरा लावून त्यांनी वाहनांचा वेग व त्यांच्यामधील अंतरे मोजली. रस्त्यावरील वाहनांची घनता वाढत जाते तसा वेग सरळ रेषेत उतरत जातो, असे त्यांनी मांडले. घनता व वेग यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह. म्हणून प्रवाहाचा आलेख प्रथम चढतो, कमाल क्षमतेला पोहोचतो व नंतर उतरतो. परिणामी ताशी वाहनांचा एकच आकडा मोकळ्या रस्त्यावर आणि कोंडलेल्या रस्त्यावरही मिळू शकतो. ग्रीनशील्ड्स यांची रेषा फार थोड्या निरीक्षणांवर आधारलेली होती व गर्दीच्या टोकाचा बिंदू तर दुसऱ्याच रस्त्यावरचा होता; तरीही ती आजतागायत पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. पुढे १९५५ मध्ये इंग्लंडमधील एम्. जे. लाइटहिल व जी. बी. विदम यांनी लांब नद्यांमधील पुराच्या लाटांचे गणित रहदारीस लावले आणि कोंडीची लाट वाहनांच्या विरुद्ध दिशेने मागे का सरकते, याचा उलगडा केला.

रस्त्यावर वाहने मोजल्याने ती कोठे आहेत एवढेच कळते. ती तेथे का आली, हे कळत नाही. रॉबर्ट मिचेल व चेस्टर रॅप्किन यांनी १९५४ मध्ये, नागरी रहदारी ही जमिनीच्या वापरातून निर्माण होते, असे प्रतिपादन केले आणि विचाराची दिशा बदलली. डिट्रॉइट येथील पाहणीत (१९५३–५५) जे. डग्लस कॅरल यांनी ही दृष्टी प्रत्यक्षात आणली. त्यांच्याच नेतृत्वाखाली १९५५ मध्ये सुरू झालेल्या शिकागो क्षेत्र परिवहन अभ्यासात तिला पूर्ण रूप आले. घरोघरी जाऊन माणसे काल कोठून कोठे, कशासाठी व कशाने गेली, ते विचारण्यात आले. उत्तरे छिद्रित पत्रांवर उतरविण्यात आली. ‘कार्टोग्राफाट्रॉन’ नावाच्या यंत्राने प्रत्येक फेरी ऋणकिरण नलिकेच्या पडद्यावर प्रकाशरेषेच्या रूपाने काढली व तिचे छायाचित्र घेतले. शहराची दिवसभराची हालचाल अशा रीतीने प्रथमच एका चित्रात दिसली.

या काळात रूढ झालेल्या पद्धतीचे चार टप्पे आहेत. प्रत्येक विभागातून किती फेऱ्या निघतील, हे पहिल्यात ठरते. दुसऱ्यात त्या फेऱ्या कोणत्या विभागांत जातील, ते काढतात. त्यासाठी ॲलन व्होऱ्हीस यांनी १९५५ मध्ये न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाशी साम्य असलेले सूत्र सुचविले. कामाच्या वा बाजाराच्या ठिकाणाचे आकर्षण त्याच्या आकाराने वाढते व अंतराने घटते, हे त्याचे सार. तिसऱ्यात वाहनाचा प्रकार आणि चौथ्यात प्रत्यक्ष मार्ग ठरतो. शिकागोमध्ये हे शेवटचे काम आयबीएम ७०४ या संगणकावर झाले. त्यासाठी बेल प्रयोगशाळेतील एडवर्ड मूर यांची लघुतम मार्ग शोधण्याची रीत वापरली गेली.

सर्वच वाहने लघुतम मार्गावर घातली, तर तो मार्ग कागदावर तुंबतो व शेजारचा रिकामा राहतो. यावरील तोड इंग्रज संशोधक जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्येच सांगितली होती : वापरात असलेल्या सर्व मार्गांवर सारखाच वेळ लागावा आणि न वापरलेल्या कोणत्याही मार्गावर त्याहून कमी लागू नये, अशी समतोल स्थिती शोधावी. बेकमन, मग्वायर व विन्स्टन यांनी १९५६ मध्ये तिला काटेकोर गणिती रूप दिले. मात्र मोठ्या शहरासाठी ते सोडविणे १९७० नंतरच्या दशकातच व्यवहार्य झाले. गर्दीने वाढणारा वेळ काढण्यासाठी अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाचे १९६४ चे सूत्र सर्वत्र पसरले. रस्ता क्षमतेइतका भरल्यास त्यानुसार प्रवासवेळ १५ टक्क्यांनी वाढतो. दुप्पट वाहने घातल्यास तो ३·४ पट होतो. क्षमतेच्या दुप्पट वाहने रस्त्यावरून प्रत्यक्षात जाऊच शकत नाहीत, पण सूत्राला त्याची अडचण होत नाही. मोठमोठ्या आराखड्यांत हा दोष मुकाट्याने सामावला गेला. जर्मन गणितज्ञ डीट्रिख ब्रेस यांनी १९६८ मध्ये तर असे दाखविले, की जाळ्यात नवा रस्ता जोडल्याने काही वेळा सर्वांचाच प्रवासवेळ वाढतो.

अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलला, तर १९६२ च्या कायद्याने ५०,००० वर लोकसंख्येच्या नागरी क्षेत्रांना परिवहन नियोजनाची प्रक्रिया बंधनकारक केली. प्रतिमानाचा आकडा हाच महामार्गाच्या समर्थनाचा पुरावा बनला. रहिवाशांचा विरोध वाढल्यावर काही योजना मागे घ्याव्या लागल्या. शिकागोचा क्रॉसटाउन द्रुतमार्ग १९७९ मध्ये रद्द झाला. डग्लस ली यांनी १९७३ मध्ये प्रचंड प्रतिमानांवर कठोर टीका केली. ब्रिटनमधील शासकीय सल्लागार समितीने १९९४ मध्ये मान्य केले, की नवा रस्ता स्वतःच नवी रहदारी निर्माण करतो. रहदारी ठराविक धरून त्याचा लाभ मोजणे म्हणूनच फसवे ठरते. चौदा देशांतील प्रकल्पांच्या २००५ मधील अभ्यासात निम्म्या रस्तेप्रकल्पांचा अंदाज प्रत्यक्षापासून २० टक्क्यांहून अधिक ढळलेला आढळला. दरम्यान माँट्रिऑल येथील एम्मे-२, कार्ल्सरूए येथील व्हिझम यांसारख्या आज्ञावलींनी हे गणित नगरपालिकांच्या मेजावर आणले. जर्मन वांतरिक्ष केंद्राची सुमो ही आज्ञावली (२००१) तर एकेक वाहन स्वतंत्रपणे चालवून पाहते.

मुंबईसाठी १९६२ मध्ये विल्बर स्मिथ आणि मंडळी या अमेरिकन सल्लागार संस्थेकडे रहदारीचा अभ्यास सोपविण्यात आला. तिने १९६३ मध्ये द्रुतमार्गांची शिफारस केली. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या मार्गाची कल्पना त्यानंतर अनेक दशके कागदावर राहिली. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये आणि पूर्व मुक्त मार्ग २०१३ मध्ये खुला झाला.

भारतीय रस्त्यांवर पाश्चात्त्य सूत्रे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, कारण येथे पट्ट्यांची शिस्त नाही व वाहनांचे प्रकार फार. त्यासाठी प्रत्येक वाहन मोटारगाडीच्या पटीत मोजतात. भारतीय रस्ते परिषदेच्या १९९० मधील नागरी रस्त्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत दुचाकी अर्ध्या ते पाऊण मोटारीइतकी, तर हातगाडी दोन ते तीन मोटारींइतकी धरली आहे. पायी चालणारा मात्र या मापात येतच नाही. मुंबई महानगर प्रदेशासाठी २००८ मध्ये पूर्ण झालेल्या सर्वंकष परिवहन अभ्यासात पायी फेऱ्या वेगळ्या मोजल्या गेल्या, तेव्हा दररोजच्या एकूण फेऱ्यांपैकी सु. निम्म्या पायीच होत असल्याचे दिसून आले.