उलव्याच्या वंशावळी: फेरफाराच्या वहीपासून संगणकापर्यंत

उलवे हे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर चालणाऱ्या या गावात घराण्याची माहिती वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे. ती कागदावर उतरली प्रामुख्याने जमिनीमुळे. त्यामुळे येथील वंशावळींचा इतिहास म्हणजे बव्हंशी महसुली दप्तराचा इतिहास आहे. संगणकीय साधने त्यात अलीकडे आली.

महाराष्ट्रात वंशावळ राखण्याच्या इतर परंपराही होत्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यात्रेकरू यजमानांची नावे गाववार नामावळीत लिहून घेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी समाजाचे लोक गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगत आणि नव्या जन्मांची नोंद करत. विसाव्या शतकात अनेक कोकणस्थ घराण्यांनी छापील कुलवृत्तांत काढले. यांपैकी कुलवृत्तांत शिकलेल्या, पैसा गाठीशी असलेल्या कुळांचे. कष्टकरी गावांचा आधार राहिला तो सरकारी नोंदींचा.

या नोंदींचा पाया 1903 च्या मुंबई इलाख्यातील हक्कनोंदणी कायद्याने घातला गेला. खातेदार मयत झाला की वारसांची नावे चढवण्यासाठी फेरफार नोंद होऊ लागली. आजच्या पद्धतीत वारसांची नोंदवही म्हणजे गाव नमुना 6क आणि फेरफाराची वही म्हणजे गाव नमुना 6. मयताचे नाव, मृत्यूची तारीख, पत्नी, मुलगे, मुली, त्यांची वये एवढा मजकूर एका नोंदीत सापडतो. जुन्या फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर असतो. त्याच्या आधारे मागे मागे जात गेल्यास तीन-चार पिढ्यांची साखळी जुळवता येते.

ही साखळी वाचताना दप्तरातील संक्षेप माहीत असावे लागतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या शेऱ्यासह फक्त थोरल्या भावाचे नाव लागे आणि धाकटे भाऊ सातबाऱ्यावर दिसतच नसत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अशा नोंदीत अल्पवयीन वारसाबरोबर आई किंवा चुलत्याचे नाव येते आणि नवखा वाचक त्याच पालकाला मालक समजतो. मुलींची नावे पुष्कळदा इतर हक्कांच्या रकान्यात जात किंवा गाळली जात. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, उपयोगी पडते. मात्र त्यातील जुनी पाने मोडी लिपीत आहेत.

उलव्यात वंशावळीला खरी किंमत आली ती भूसंपादनानंतर. सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातील पोलीस गोळीबारांत पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ खातेदाराला देण्याची योजना आली. भूखंड मिळेपर्यंत अनेक मूळ खातेदार हयात नव्हते. वारसांना वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मिळवावा लागला. हा दाखला महाराष्ट्रात आजही 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली दिला जातो.

याच काळात कायद्याने वंशवृक्षाचा आकार बदलला. 22 जून 1994 पासून महाराष्ट्राने अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहहिस्सेदार केले. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने हा हक्क सर्व मुलींना दिला. परिणामी पूर्वीच्या नोंदींत गाळलेल्या आत्या-बहिणी आणि त्यांची मुले शोधणे, त्यांचा हिस्सा देणे किंवा हक्कसोडपत्र करून घेणे अटळ झाले. नंतर नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही अशी गावे हलवण्यात आली, तेव्हा हीच कागदपत्रे पुन्हा बाहेर निघाली. विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले.

जगात वंशावळीची साधने वेगळ्या कारणाने वाढली. 1894 मध्ये अमेरिकेतील यूटा येथे मॉर्मन पंथाने, पूर्वजांसाठी धर्मविधी करण्याच्या श्रद्धेतून, वंशावळ संस्था काढली. 1938 पासून तिने नोंदींच्या मायक्रोफिल्म घेतल्या. 1984 मध्ये ‘पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाइल’ हे सॉफ्टवेअर आणि निरनिराळ्या प्रणालींत माहितीची देवाणघेवाण करणारी ‘जेडकॉम’ ही पद्धत आली, तर 1999 मध्ये ‘फॅमिलीसर्च’ हे संकेतस्थळ सुरू झाले. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची चित्रेही या संग्रहात आहेत. ‘मायहेरिटेज’, ‘जेनी’ आणि मोफत मुक्तस्रोत ‘ग्रॅम्प्स’ ही त्यानंतरची साधने.

उलव्याच्या नोंदी या चौकटीत नीट बसत नाहीत. जेडकॉममध्ये आडनाव दोन तिरप्या रेघांत वेगळे लिहितात, पण वडिलांच्या नावाला स्वतंत्र जागा नाही. मराठी नावात ओळख पटते ती नेमकी मधल्या नावाने. म्हात्रे, पाटील, कोळी, घरत ही आडनावे पंचक्रोशीत घरोघर असल्याने आडनावावरून शोध घेतला तर शेकडो माणसे निघतात. येथे शोधाची खूण आहे गाव, सर्व्हे नंबर आणि फेरफार क्रमांक. शिवाय 1981 मध्ये नाव बदलण्यापूर्वीचे कागद ‘कुलाबा’ जिल्ह्याच्या नावाने आहेत.

म्हणून स्थानिक शोधात परदेशी संकेतस्थळांपेक्षा राज्याची साधने जास्त उपयोगी ठरतात. महाभूलेखवर सातबारा पाहता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून मिळतो. ‘ई-हक्क’वरून वारस नोंदीचा अर्ज करता येतो आणि जुन्या अभिलेखांच्या स्कॅन प्रती ‘आपले अभिलेख’वर टप्प्याटप्प्याने येत आहेत. मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानंतर, 2023 पासून, अनेक जिल्ह्यांनी कुणबी नोंदी शोधून संकेतस्थळांवर ठेवल्या आणि मोडी वाचकांची मागणी वाढली. इतर मागास वर्गाच्या जात पडताळणीतही 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा आणि अर्जदारापर्यंतची वंशावळ लागते.

सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या वंशवृक्षाला स्वतःचे असे पुराव्याचे मोल नाही. ते त्यामागच्या प्रमाणित नकलेला आहे. त्यामुळे प्रत्येक नावापुढे फेरफार क्रमांक, गाव आणि वर्ष नोंदवलेली, लेकीबाळींची नावे न गाळलेली वंशावळच तहसील कचेरीत आणि न्यायालयात टिकते.