जुन्या गिटारचे मोल

व्हायोलिन जितके जुने तितके मोलाचे, ही समजूत युरोपात फार पूर्वीपासून रूढ आहे. इटलीतील क्रेमोना गावचा श्रेष्ठ कारागीर स्ट्राडिव्हारी १७३७ मध्ये वारला आणि त्यानंतर चाळीस वर्षांच्या आतच त्याच्या कारखान्यात उरलेली वाद्ये एका उमरावाने संग्रहासाठी विकत घेतली. गिटारच्या वाट्याला हे भाग्य फार उशिरा आले. अमेरिकेत १९५० च्या सुमारापर्यंत जुनी गिटार म्हणजे घरातील अडगळ, किंवा गहाणवटीच्या दुकानात टांगलेला आणि मालक परत न आलेला एक जिन्नस. तिची किंमत दुकानदार ठरवी ती बाह्य रूप पाहून. रंग उडालेला असला की भाव उतरे; नवे वार्निश चोपडले की चढे. पुढे पंचवीस-तीस वर्षांत हा हिशेब नेमका उलटा झाला.

ही उलथापालथ समजण्यासाठी एका कारखान्याची हकीकत सांगितली पाहिजे. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या मार्कनॉयकिर्शेन गावचा. त्याचा जन्म १७९६ चा. व्हिएन्नाच्या श्टाउफर या नामांकित गिटारकाराच्या हाताखाली तो शिकला आणि गावी परतला; परंतु तेथे कारागिरांच्या श्रेणींमध्ये तंटा माजला होता. गिटार करणारे सुतारांच्या श्रेणीत मोडत, आणि व्हायोलिनवाल्यांचे म्हणणे असे की, सुतारांनी वाद्याला हातच लावू नये. हा वाद वर्षानुवर्षे चालला. त्याला कंटाळून म्हणा, अगर नशीब काढावयाचे म्हणून म्हणा, मार्टिनने १८३३ मध्ये न्यूयॉर्क गाठले, हडसन स्ट्रीटवर वाद्यांचे दुकान थाटले आणि १८३९ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ या लहानशा गावी बिऱ्हाड हलविले. कारखाना आजही त्याच गावी आहे.

या कारखान्याने १८९८ मध्ये एक गोष्ट केली. तिचे महत्त्व त्या वेळी कोणाच्याही ध्यानी आले नसावे. तोवर सुमारे आठ हजार गिटारी झाल्या असाव्यात असा अंदाज बांधून, पुढील प्रत्येक वाद्यावर त्या आकड्यापासून अनुक्रमांक उठविण्यास सुरुवात झाली. तबलीच्या भोकातून आत डोकावले की, मान जेथे पोटाला मिळते तेथील ठोकळ्यावर हा आकडा दिसतो. प्रत्येक वर्षाअखेरचा क्रमांक कारखान्याच्या दप्तरी नोंदलेला असल्यामुळे कोणती गिटार कोणत्या साली झाली हे कोणासही पडताळता येते. हा क्रम अखंड चालला आणि २००४ मध्ये दहा लाखांवर पोहोचला. चोपडीतील ही साधी शिस्त पुढे साऱ्या जुन्या बाजाराचा पाया ठरली, कारण सांगोवांगीच्या वयाला भाव नसतो. नोंदलेल्या वयाला असतो.

परंतु साल कळले म्हणून मोल कळत नाही. त्या साली वाद्य कसे बांधीत, हेही ठाऊक असावे लागते. १९१६ मध्ये डिटसन या वाद्यविक्रेत्या पेढीसाठी मार्टिनने रुंद कमरेची एक मोठी गिटार तयार केली आणि त्या काळी गाजत असलेल्या इंग्रजी लढाऊ जहाजावरून तिला ‘ड्रेडनॉट’ असे नाव पडले. १९३१ पासून ही धाटणी कारखान्याच्या स्वतःच्या नावाने निघू लागली. तबलीच्या आतून फुलीच्या आकारात लाकडी पट्ट्या चिकटविलेल्या असतात. तारांचा ताण त्या सोसतात. आरंभी या पट्ट्या मधोमध कोरून हलक्या करीत, त्यामुळे तबली मोकळेपणाने कंप पावे. लोक जाड तारा लावू लागले, तबल्या फुगू लागल्या, आणि १९४४ च्या अखेरीस हे कोरणे बंद झाले. डी-२८ या नमुन्याच्या कडेला माशाच्या काट्यासारखी जी नक्षीदार किनार असे, तीही १९४७ मध्ये संपली. सर्वांत भारी नमुना डी-४५. १९३३ ते १९४२ या काळात त्याच्या अवघ्या ९१ गिटारी झाल्या.

ही माहिती १९६० पूर्वी बाजारात जवळजवळ कोणाला नव्हती. पन्नाशीच्या अखेरीस अमेरिकेत लोकगीतांची लाट उसळली आणि महाविद्यालयांतील मुले गिटारीच्या मागे लागली. नाझरेथच्या कारखान्याला मागणी पुरविता येईना. १९६४ मध्ये नवी इमारत उभारावी लागली. ज्यांना वाट पाहवेना ते गहाणवटीच्या दुकानांकडे वळले आणि तेथे त्यांच्या कानांना एक शोध लागला: धुळीने माखलेल्या जुन्या वाद्याचा आवाज कित्येकदा नव्याहून भरदार आहे. बर्कलीच्या जॉन लुंडबर्गसारखे मोजके दुकानदार जुनी वाद्ये जाणतेपणे गोळा करून, नीट करून विकू लागले. १९७० मध्ये जॉर्ज ग्रून याने दोन भागीदारांसह नॅशव्हिलमध्ये दुकान काढले. १९७५ मध्ये माइक लाँगवर्थचा मार्टिन गिटारींचा इतिहास प्रसिद्ध झाला आणि १९९१ मध्ये ग्रून व वॉल्टर कार्टर यांचा ओळखग्रंथ. विकणाऱ्याजवळ आणि घेणाऱ्याजवळ एकच पुस्तक आले, तेव्हा कोठे रास्त भाव या शब्दाला काही अर्थ आला.

जाणता गिऱ्हाईक दुकानात काय करतो हे पाहण्याजोगे आहे. तो प्रथम वाजवीत नाही. गिटार डोळ्यासमोर आडवी धरून मानेची रेषा न्याहाळतो. पोलादी तारांचा एकूण ताण दीडशे पौंडांहून अधिक असतो. तो अहोरात्र मानेला पुढे ओढीत असतो. तीस-चाळीस वर्षांत मानेचा कोन बदलतो, तारा पडद्यांपासून उंच उठतात आणि बोटांना दाबणे जड जाते. दुकानदार अशा वेळी घोडीवरची पट्टी घासून तारा खाली आणतो व वाद्य ‘सुलभ’ झाले म्हणून सांगतो. ती पट्टी अगदीच बुटकी दिसली, तर जाणत्याने ओळखावे की खरे दुखणे झाकलेले आहे. खरा उपाय म्हणजे मान उतरवून पुन्हा बसविणे. जुन्या मार्टिनचा सांधा सरसाने जोडलेला असतो आणि सरस वाफेने सुटतो, म्हणून हे काम करता येते. काम खर्चाचे खरे, पण त्यात वाद्याला कमीपणा नाही. जवारी उतरली म्हणून मिरजेचा तंबोरा कोणी टाकून देत नाही, तसेच हे. खर्च किंमतीतून वजा करावा, इतकेच.

मग घोडीमागे तबली फुगली आहे काय हे तळहाताने पाहतात, लहान आरसा आत घालून पट्ट्या सुटल्या आहेत काय हे पाहतात. नीट सांधलेली चीर क्षम्य. झिजलेले पडदे तर किरकोळच. एक दोष मात्र बाजार क्षमा करीत नाही. मूळ वार्निश खरवडून नवे चढविले असेल, तर किंमत सामान्यतः निम्म्यावर येते. पूर्वीच्या दुकानदाराने ज्या चकाकीचे पैसे वाढवून घेतले, तीच चकाकी आता पैसे कापते. नूतनीकरण आणि दुरुस्ती यांतील भेद इतका महाग असू शकतो, हे पुष्कळांना वाद्य विकावयास नेल्यावरच कळते.

किंमतीत लाकडाचाही वाटा आहे, आणि येथे या कथेचा धागा सह्याद्रीशी जुळतो. मार्टिनच्या भारी गिटारींची पाठ व कुशी ब्राझीलच्या शिसवी लाकडाच्या असत. ब्राझीलने साठीच्या दशकात अखंड ओंडक्यांची निर्यात रोखली आणि १९६९ पासून कारखाना भारतीय शिसवीकडे वळला. गोवा व कारवारपासून मलबारपर्यंत सह्याद्रीच्या जंगलांत वाढणारा, आपल्याकडील वाड्यांतल्या जुन्या पलंग-पेट्यांचा हा शिसव. नादात तो उणा नाही असे अनेक वादक मानतात. परंतु बाजार दुर्मिळतेचा भुकेला. १९९२ मध्ये ब्राझीली शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली आणि १९६९ पूर्वीच्या गिटारींचे भाव आणखी चढले. २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्या कुळावर निर्बंध आले, तेव्हा भारतीय शिसवीची जुनी गिटार सीमेपार विकण्यासही परवाने लागू लागले. २०१९ च्या अखेरीपासून तयार वाद्यांना यातून सूट मिळाली. ब्राझीली शिसवीला ती नाही.

ज्ञानाने भाव रास्त झाला असे वर म्हटले. त्याच ज्ञानाने तो वादकांच्या आवाक्याबाहेरही नेला. १९३० नंतरच्या दशकातील उत्तम गिटारी संग्राहकांच्या कपाटांत जाऊन बसल्या. त्यात प्रसिद्धीची भर पडली. एरिक क्लॅप्टनची १९३९ ची मार्टिन २००४ मध्ये लिलावात ७,९१,५०० डॉलरना गेली. कर्ट कोबेनची १९५९ ची गिटार २०२० मध्ये ६० लाख १० हजारांना. ही दुसरी तर वीजयंत्रणा बसविलेली, स्वतंत्र नादाच्या दृष्टीने सामान्यच समजली जाणारी. त्या पैशात लाकडाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे सांगावयास नकोच.

याउलट एका गिटारची हकीकत. १९३५ ची डी-२८. साठीच्या उंबरठ्यावर ती कॅलिफोर्नियातील क्लॅरेन्स व्हाइट या तरुण वादकाच्या घरी आली, ती थोडक्या पैशांत, कारण तिची दशा वाईट होती. पडद्यांची पट्टी बदललेली, शेंड्यावर कारखान्याचे नाव नाही, आणि कोणी तरी तबलीचे भोक कापून मोठे केलेले. मूळ रूप मोडलेल्या वाद्याचा हा नमुनाच म्हणावा. व्हाइटने तिच्यावर लोकसंगीतातील गिटारवादनाची एक नवी शैली घडविली. १९६० मध्ये नऊ वर्षांच्या टोनी राइस या मुलाने ती त्याच्या हातून घेऊन क्षणभर वाजविली होती. पुढे पैशांच्या अडचणीत व्हाइटने ती एका स्नेह्याकडे तारण ठेवली. १९७३ मध्ये अपघातात त्याचा अंत झाला. राइस मोठा वादक झाला, पण ते वाद्य त्याच्या मनातून गेले नव्हते. १९७५ मध्ये शोध घेत तो त्या स्नेह्यापर्यंत पोहोचला. जाणकाराकडून किंमत ठरविण्यात आली: ५५० डॉलर. न्याहाळणी करून, दोष वजा करून निघालेला तो आकडा होता. राइसने पैसे दिले आणि ती घेऊन गेला.

१९९३ मध्ये फ्लोरिडातील वादळात त्याच्या घरात पाणी शिरले आणि गिटार बुडाली. वाळवून, सांधून ती पुन्हा वाजती झाली. राइस २०२० च्या नाताळात वारला. दरम्यान सांताक्रूझच्या एका गिटार कंपनीने त्याच्या वाद्याबरहुकूम नव्या गिटारी काढल्या आहेत, आणि ज्या मोठ्या भोकामुळे व्हाइटला ती स्वस्तात मिळाली, तसेच मोठे भोक त्या नव्या तबल्यांना मुद्दाम मोजून पाडलेले असते.