शुगर दुखत नाही, म्हणूनच घात करते : मधुमेह आटोक्यात आहे का, कसं ओळखाल?

कोपरगाव : 'शुगरची गोळी चालू आहे का?' असं विचारलं की बहुतेक जण 'हो' म्हणतात. 'मग शुगर आटोक्यात आहे का?' याला उत्तर येतं, 'काही त्रास नाही, म्हणजे असंल.' घोळ इथंच होतो. वाढलेली शुगर बऱ्याचदा वर्षानुवर्षे दुखत नाही, पण आतून डोळे, किडनी, हृदय आणि पायांच्या नसा खराब करत राहते.

आमच्या शिवारातले एक शेतकरी रात्री अनवाणी उसाला पाणी भरत होते. पायात खोडकं घुसलं, पण नसा बधिर झालेल्या असल्यानं कळलंच नाही. जखम चिघळली, शेवटी अंगठा काढावा लागला. वर्षभरात त्यांनी शुगर तपासली नव्हती.

आटोक्यात म्हणजे किती?
उपचार चालू असलेल्या बहुतेक रुग्णांची शुगर उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असावी. पण एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. तपासणीच्या आधी दोन दिवस पथ्य पाळलं तरी तो आकडा चांगला येतो. एचबीए१सी ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते. ती साधारण ७ च्या आत असावी. वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर वेगळा आकडा ठरवतात. शुगर आटोक्यात नसेल तर ही तपासणी दर तीन महिन्यांनी करावी.

'मी तर बारीक आहे'
हा गैरसमज सोडा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी होती, पण अंगातली चरबी त्या मानानं कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक माणसालाही शुगर होऊ शकते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत.

गोळी असूनही शुगर का वाढते?
- बरं वाटलं की गोळी बंद करणं, किंवा एक दिवसाआड घेणं.
- साखर सोडून गूळ खाणं. गुळानंही शुगर वाढते. उसाच्या रसाचंही तेच.
- दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा.
- उपवासाला साबुदाणा आणि बटाटा. दोन्हींत पिष्ट भरपूर.
- झाडपाल्याच्या औषधावर भरवसा ठेवून डॉक्टरांची गोळी सोडणं.

भाकरी चालते, पण मोजून. ताटात निम्मी जागा पालेभाजी, गवार, दोडका, काकडी यांना द्या. डाळ, मटकी, अंडी ठेवा. शेतात काम करत असलात तरी जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. तंबाखू, मिश्री आणि बिडी बंद करा.

पाय रोज बघा
रात्री झोपताना पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना बघायला सांगा. शेतात अनवाणी जाऊ नका. जखमेला हळद, चुना लावून वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोळ्यांचा पडदा आणि किडनी वर्षातून एकदा तपासून घ्या.

शुगर एकदम उतरली तर
घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, मग जेवण द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यावर असं होतं, म्हणून नवरात्र-एकादशीच्या आधी डॉक्टरांना विचारा.

तपासणी कुठं?
तीस वर्षांपुढील सर्वांची बीपी-शुगर तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील.

उसाला पाण्याची पाळी आपण चुकवत नाही. गोळीची आणि तपासणीची पाळीही तशीच धरा. गोळी वाढवायची, कमी करायची की बंद करायची, ते मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.