मासा भाजेपर्यंतचा वेळ

घड्याळ घरीच ठेवून या. इसवी सन 60 च्या आसपासच्या जेरुसलेममध्ये ते दाखवून कुणाला काही सांगता येणार नाही. आज निसान महिन्याची 14 तारीख आहे, आणि वारही नेमका शुक्रवार. म्हणजे संध्याकाळी शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा शनिवार, लागणार आणि वल्हांडणाचा सणही. घराघरात जी धांदल चाललीय ती गौरी यायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः पाहिलेली आहे.

ही 14 तारीख कुठल्या छापील पंचांगातली नव्हे. दोन आठवड्यांपूर्वी साक्षीदारांनी चंद्राची कोर पाहिली. न्यायसभेने त्यांची उलटतपासणी घेतली: कोर किती उंच होती, कुठे झुकलेली होती? साक्ष पटली, तेव्हा कुठे महिना लागला.

सकाळी दहाच्या सुमारास मंदिराच्या ओवरीकडे मान वर करा. सणात खमीर वर्ज्य, म्हणून खुणेसाठी छपरावर दोन खमिरी भाकऱ्या ठेवलेल्या आहेत. दोन्ही दिसतायत तोवर खमिराचं खुशाल खा. एक उचलली, की खाणं थांबवायचं. तासाभराने दुसरीही उचलतात आणि गल्लोगल्ली उरलंसुरलं खमीर जाळल्याचा धूर निघतो. सणाला अजून आख्खी दुपार बाकी आहे, पण त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत आलाय.

दुपारचा नित्य बळी एरवी अडीचच्या सुमारास कापतात. आज तो साडेबारालाच, कारण पुढे सगळ्यांची वल्हांडणाची कोकरं कापायची आहेत. माणसं तीन तुकड्यांनी आत सोडतात, दारं लावतात, कर्णे वाजतात. कोकरू घरी आणलं की डाळिंबाच्या काठीला लावून भट्टीत उतरवायचं, तेही उजेड असेतो. शब्बाथ लागल्यावर विस्तवाला हात लावता येत नाही.

आता मंदिराच्या नैऋत्य कोपऱ्याखालच्या बाजाररस्त्यावर उभे राहा. वर एक याजक कर्णा घेऊन आलाय. (1968 साली पुरातत्त्वज्ञ बेंजामिन मझार यांना याच कोपऱ्याच्या पायथ्याशी एक कोरीव दगड सापडला. त्यावर हिब्रूत लिहिलं होतं: कर्णा फुंकण्याच्या जागेकडे.) पहिली फुंकर. शेतातले कुदळी टाकतात. पण जवळच्या शेतातले लगेच शहरात शिरत नाहीत, लांबचे येईपर्यंत थांबतात. नाहीतर मागून येणाऱ्यावर लोक ठपका ठेवतील, की हा कर्णा वाजल्यावरही राबत होता. मला या सगळ्या व्यवस्थेतलं हे थांबणं फार आवडतं. दुसरी फुंकर, आणि दुकानांच्या फळ्या बंद. तिसरीला चुलीवरची भांडी उतरतात, दिवे लागतात.

मग याजक थांबतो. किती? एखादा लहान मासा भाजून व्हावा, किंवा भट्टीला रोटी चिकटावी, एवढा वेळ. ज्याचं काही राहिलं असेल त्याच्यासाठी ही सवड. त्यानंतर लागोपाठ तीन फुंकरी, आणि शब्बाथ.

शेजारचा म्हातारा तुम्हाला म्हणेल, उद्या लागला. आकाशात अजून लाली आहे, आणि तुम्ही गोंधळता. आपला वार सूर्योदयाला बदलतो, भिंतीवरच्या कॅलेंडरचा मध्यरात्री. इथे रात्र आधी येते, दिवस तिच्या मागून. त्यांच्या सृष्टीच्या कथेतही प्रत्येक दिवसाची मोजणी संध्याकाळपासून होते. चाँदरात साजरी करणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएली तेल्यांना गाव 'शनिवार तेली' म्हणे, तो शनिवार इथलाच.

पण नेमकी रेघ कुठे? आपण ज्याला कातरवेळ म्हणतो तिने इथल्या पंडितांना पुढे पिढ्यान्‌पिढ्या छळलं. एक तारा दिसला तर दिवसच, दोन दिसले तर मधली वेळ, तिसरा दिसला की रात्र. सूर्यास्तानंतर अर्धा मैल चालण्याइतकी ती वेळ, असं एकाचं मत. रब्बी योसे म्हणत, पापणी लवते तेवढीच ती, धरून ठेवता येतच नाही. त्यात मंदिराच्या आतला हिशेब उलटा! बळीच्या बाबतीत रात्र आदल्या दिवसाला जोडलेली. त्या भिंतीपलीकडे आज अजून संपलेलाच नाही.

रात्री कोकरू खाऊन होतं, मध्यरात्रीच्या आत. शब्बाथ सरतो. दुसऱ्या संध्याकाळी तिसरा तारा दिसतो. त्याच कोपऱ्यावरून पुन्हा कर्णा वाजतो. शब्बाथ लागतानाही आणि सुटतानाही तो वाजत असे, हे यहुदी इतिहासकार जोसेफसने लिहून ठेवलंय.

आता लोकांबरोबर शहराजवळच्या जवाच्या शेतात चला. नव्या पिकाची पहिली पेंढी कापायची आहे. ती 'शब्बाथनंतर' कापायची, म्हणजे सणाच्या पहिल्या दिवसानंतर की खऱ्याखुऱ्या शनिवारनंतर, यावर बोएथूसपंथीयांशी, यहुद्यांमधल्याच एका गटाशी, जुना वाद आहे. यंदा दोन्ही एकाच दिवशी आल्याने वादाला जागाच नाही. तरी रीत ती रीत. विळा हातात घेतलेला माणूस ओरडून विचारतो, सूर्य मावळला का? गर्दी म्हणते, हो. तो पुन्हा विचारतो. तिसऱ्यांदा विचारतो, तेव्हा त्या होकारात तुमचाही आवाज असतो. मग विळ्याबद्दल विचारणं सुरू होतं.