विड्याची चौकशी

जालना जिल्ह्यांत अंबडच्या बाजूस जा कीं परतूरच्या. दुपारीं झाडाखालीं चार माणसें टेकलीं कीं कमरेची चंची सुटते. पान, चुना, कात, सुपारी आणि वर चिमूटभर तंबाखू. शहरांतील घरांत याच वस्तू तबकांत मांडलेल्या असतात, एवढाच काय तो फरक. पाहुण्याचा सत्कार विड्यानें होतो, कार्याचें आमंत्रण सुपारीनें जातें, आणि अवघड काम अंगावर घेणाऱ्यानेंहि विडाच उचलावयाचा असतो. अशा या घरच्या वस्तूवर मनुष्यवधाचा आरोप आला, तेव्हां तिची चौकशी कोणी केली आणि तींत काय निष्पन्न झालें, याची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

आरोप जुनाच होता. १९३३ सालीं ऑर नांवाच्या डॉक्टरांनीं त्रावणकोरांतील विडा खाणाऱ्या लोकांच्या तोंडाच्या कर्करोगाविषयीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत लिहिलें होतें. परंतु एका प्रांतावरून साऱ्या देशाविषयीं अनुमान काढणें धाडसाचें झालें असतें. पुढें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, आणि त्याच्या प्रयोगशाळांचीं सूत्रें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांजकडे आलीं. विकृतिशास्त्र हा त्यांचा विषय. सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी पाहून ते थांबले नाहींत. रोगी कोण, कोठला, खातो काय, हेंहि त्यांनीं विचारिलें. मुंबईंतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीनें आलेल्या १,००० रोग्यांचा आढावा त्यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध केला. कर्करोग हा केवळ दैवाचा खेळ नसून माणसाच्या संवयींशीं त्याचें नातें आहे, ही दृष्टि आपल्याकडे रुजविण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं त्यांना आहे.

नुसत्या रोग्यांची मोजदाद करून गुन्हा शाबीत होत नाहीं. निरोगी माणसेंहि विडा खातातच. म्हणून डॉ. संघवी, डॉ. राव आणि खानोलकर यांनीं रोगी व इतर माणसें यांच्या संवयी शेजारीं शेजारीं ठेवून ताडून पाहिल्या, आणि १९५५ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें आपला निष्कर्ष मांडला. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा कर्करोग अधिक, तर ओढणाऱ्यांत घशाकडील भागाचा अधिक, असें त्यांना आढळलें. विष जेथें रेंगाळतें तेथेंच तें घाव घालतें, असा याचा सरळ अर्थ होय.

तथापि विड्यांत वस्तू अनेक. त्यांतील अपराधी कोण आणि केवळ सोबतीस सांपडलेला कोण? हा प्रश्न रसायनशास्त्राच्या दारीं गेला. खानोलकरांच्या पुढाकारानें १९५२ सालीं मुंबईंत कर्करोग संशोधनाचें जें केंद्र निघालें, त्यांत पुढें डॉ. सुमती भिडे आणि त्यांचे सहकारी यांनीं विड्याचा एकेक घटक निराळा काढून पारखण्यास आरंभ केला. आमोणकर, नागभूषण, डिसूझा व भिडे यांनीं १९८६ सालीं असें दाखविलें कीं, नागवेलीच्या पानांत हायड्रॉक्सीचॅविकॉल नांवाचें एक द्रव्य आहे, आणि कर्ककारक रसायनामुळें जंतूंच्या आनुवंशिक द्रव्यांत जे विपरीत बदल होतात त्यांस तें आळा घालतें. १९८९ सालीं तंबाखूंतील दोन विशिष्ट विषांविरुद्धहि हेंच द्रव्य उपयोगीं पडतें असें त्यांनीं प्रसिद्ध केलें.

त्यानंतर प्रयोग हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्यावर झाला. त्याच्या गालांत धान्य साठविण्याची पिशवी असते; गालांत विडा धरणाऱ्या माणसाची याहून जवळची प्रतिमा संशोधकाला दुसरी कोठें मिळावी? अझुइने आणि भिडे यांच्या १९९२ सालच्या लेखांत असें आहे कीं, कर्ककारक रसायन लावलेल्या या प्राण्यांना पानाचा अर्क व हळद दिली असतां गांठी कमी झाल्या, आणि दोन्ही मिळून दिल्यास गुण अधिक आला. हळदीच्या तेलाची परीक्षा पुढें माणसांवरहि झाली. सुपारीमुळें तोंडांतील आवरण ताठरतें, तोंड उघडेनासें होतें, घांस घेणें मुष्कील होतें. हा विकार पुढें कर्करोगाकडे वळूं शकतो. अशा रोग्यांच्या पेशींतील बिघाड हळदीच्या तेलानें व अर्कानें कमी झाल्याचें १९९७ सालीं नमूद झालें.

पान असें निर्दोष ठरलें. सुपारीचें मात्र उलट झालें. तंबाखू नसली तरी विडा, आणि एकटी सुपारीहि, माणसाला कर्करोग करते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दिला.

येथें मनाला एक सोयीस्कर युक्तिवाद सुचतो. पानांत औषध आहे ना? मग विड्यांतलें पान विड्यांतलें विष मारील! श्रोतेहो, या युक्तिवादानें फसूं नये. खानोलकरांनीं पाहिलेल्या रोग्यांतहि पान खाणारे होतेच. पानानें त्यांना तारलें नाहीं. प्रयोगशाळेंत अर्क बेतानें दिला जातो. चंचींत बेत नसतो. शिवाय प्राण्यावर जें साधतें तें माणसावर साधेलच असें नाहीं. फिनलंडमध्यें २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. गाजर वगैरेंत आढळणारें बीटा-कॅरोटीन त्यांतील कांहींना रक्षक म्हणून देण्यांत आलें. १९९४ सालीं निकाल आला तो उलटा: तें घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग सुमारें १८ टक्क्यांनीं अधिक निघाला!

याच्या शेजारीं आपल्याच देशांतील दुसरा प्रयोग ठेवून पाहावा. डॉ. गुप्ता, डॉ. मेहता आणि त्यांचे सहकारी यांनीं खेड्यांतील सुमारें ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांना औषध कांहींच दिलें नाहीं. तोंड तपासलें आणि संवय सोडण्याविषयीं समजाविलें. पांच वर्षांनंतरचा वृत्तांत १९८६ सालीं 'लॅन्सेट'मध्यें आला. ज्यांनीं संवय सोडली किंवा कमी केली, त्यांच्या तोंडांत कर्करोगाचे पूर्वदूत असे पांढरे चट्टे उठण्याचें प्रमाण घटलें होतें. पानाच्या द्रव्यानें जें उंदरासारख्या प्राण्यांत साधलें, त्याहून मोठें कार्य येथें चार समजुतीच्या शब्दांनीं केलें.

आणि या हकीकतीचा शेवट पाहा. विड्याची जागा पुढें पुडीनें घेतली. गुटख्याच्या पुडींत सुपारी आहे, कात आहे, चुना आहे, तंबाखू आहे. नाहीं तें फक्त पान! चौकशींत जें एक निर्दोष सुटलें तेवढेंच आम्हीं बाहेर टाकलें, आणि ज्यांच्यावर दोष लागला त्यांना रंगीत कागदांत गुंडाळून मुलांच्या हातीं दिलें. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. पण कायद्याचा हात चंचीपर्यंत पोंचत नाहीं, तेथें घरच्या माणसाचाच पोंचतो.

म्हणून परतूरच्या झाडाखालीं असो वा शहरांतल्या दिवाणखान्यांत, तोंडांत पांढरा चट्टा दिसला, दोन आठवडे जखम भरली नाहीं, किंवा तोंड पूर्वीइतकें उघडेनासें झालें, तर हळद लावून वाट पाहत बसूं नये, डॉक्टरांस दाखवावें. नागवेलीचें पान तबकांत खुशाल राहो. सुपारी आणि तंबाखू मात्र त्या तबकांतून उतरल्या पाहिजेत.